जायफळाच्या झाडाची निरगाठ

काल फ्रिस्कोच्या देशी दुकानात, मसाल्यांच्या रांगेत, मी जायफळाची एक पुडी नाकाशी धरून उभी होते आणि मनातल्या मनात चरफडत होते. पुडीला वास नव्हता. म्हणजे होता, पण बंद कपाटातल्या जुन्या फळीला असतो तेवढाच. माझ्या यादीत ‘जायफळ, श्रीखंडासाठी’ असं लिहिलेलं होतं. ती यादीही दुकानाच्या मांडणीच्या क्रमानेच केलेली. आधी पिठं, मग डाळी, मग मसाले आणि अगदी शेवटी गोठवलेल्या वस्तू, कारण टेक्ससच्या उन्हात गोठवलेला नारळाचा चव गाडीत किती तग धरतो हे मला पक्कं ठाऊक आहे. अशा शिस्तीच्या बाईने एका पुडीपायी मागच्या माणसाची ट्रॉली अडवून धरावी, हे शोभत नाही. पण वास नाही, वास नाही म्हणता म्हणता नाकात दुसराच वास शिरला. ओल्या पाचोळ्याचा, नारळाच्या करवंट्यांच्या धुराचा, खाऱ्या वाऱ्याचा, आणि त्या सगळ्यावर तरंगणारा, गोडसर पण किंचित झोंबणारा, झाडावरून नुकत्या उतरवलेल्या जायफळाचा. तो वास ज्या झाडाचा आहे ते झाड इंडोनेशियाच्या पार पूर्वेकडच्या एका बेटावर उभं आहे, आणि गेले कित्येक महिने त्या झाडाने माझा नुसता पिच्छा पुरवलेला आहे.

झाड माझ्या मामाचं. मामा म्हणजे आमच्या घरातून अमेरिकेत आलेला पहिला माणूस. तेलविहिरींचा इंजिनिअर. बहुतेक नोकरी ह्यूस्टनजवळ शुगर लँडमध्ये राहून केलेली. मी इथे शिकायला आले तेव्हा विमानतळावर तोच घ्यायला आला होता, आणि घरी पोचेपर्यंत हायवेवर लेन कशी बदलावी हे त्याने मला इत्थंभूत समजावलं होतं. मला तेव्हा सायकलसुद्धा धड येत नव्हती. चुकीचं काही दिसलं की ते तिथल्या तिथे सांगायचं, हा त्याचा स्वभावच. पोळी चुकीच्या बाजूने भाजली, फॉर्म चुकीच्या शाईने भरला, सोफा भिंतीला चुकीचा चिकटवला, की मामा बोललाच म्हणून समजा. या त्याच्या बोलण्यावर आम्ही भाचरंडं वैतागायचो आणि सणावाराला पुन्हा त्याच्याच घरी जाऊन राहायचो. परदेशात मला माहेर होतं ते तेवढंच.

मामी गेली, आणि मामा महिनाभर म्हणून इंडोनेशियाला गेला. तरुणपणी तिथल्या समुद्रातल्या विहिरींवर त्याने काम केलं होतं आणि एकदा सुट्टीत कुठल्याशा बोटीने त्या बेटावर जाऊन आला होता. महिन्याचा हंगाम झाला, हंगामाची वर्षं झाली. मग एक दिवस फोनवर म्हणाला, “शुगर लँडचं घर विकायला काढतोय. चार बेडरूम आहेत आणि दारात एक माणूस न कळवता येत नाही.” त्याच सुमाराला त्याला तिथल्या एचओएचं, म्हणजे वसाहतीच्या मंडळाचं, पत्र गेलं होतं, की समोरच्या अंगणातलं गवत ठरलेल्या उंचीपेक्षा वाढलं आहे. “घर माझं, गवत माझं, आणि उंची ठरवणार दुसरे. त्यापेक्षा इथे बरं. इथे माझं काहीच नाही, त्यामुळे पत्रं येत नाहीत.” मला वाटलं, विनोद करतोय. ती निव्वळ वस्तुस्थिती होती हे मला तिथे गेल्यावर कळलं.

जावं लागलं ते त्याच्या खुब्यामुळे. खुब्याची वाटी झिजली होती आणि चालताना तो चांगलाच लंगडत होता, पण व्हिडिओ कॉलवर स्वारी नेहमी खुर्चीत बसलेली, त्यामुळे आम्हाला पत्ता नाही. गावच्या शाळेतल्या मास्तरांनी एकदा कुठल्याशा समारंभाचा व्हिडिओ पाठवला, त्यात पाठीमागून काठी टेकत जाणारा मामा त्याच्या मुलीला दिसला. माझी ही मामेबहीण सिॲटलला असते, कामात गळ्यापर्यंत बुडालेली. तिने मला फोन केला. “ताई, तिथे डॉक्टर एक समुद्र पलीकडे आहे. बाबा माझं ऐकत नाहीत. तू जा ना प्लीज. यू आर सो गुड ॲट धिस.” जन्मभर याद्या करणाऱ्या बायकांच्या वाट्याला हे वाक्य हमखास येतं. तुम्ही तशा असाल तर तुम्हाला वेगळं सांगायला नको. आपल्याला जमतं, म्हणून ते आपल्याकडे येतं, आणि आपल्याकडे आलं की आपल्याला जमवावंच लागतं.

तर मी निघाले. डॅलसहून जाकार्ता, जाकार्ताहून अंबोन, इथवर सगळं माझ्या कागदाप्रमाणे झालं. पुढे जहाज होतं. बंदरावरच्या खिडकीत मी विचारलं, जहाज कधी? “गुरुवारी.” कोणत्या गुरुवारी? खिडकीतल्या माणसाने समजूतदारपणे माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “ज्या गुरुवारी येतं, त्या.” त्यात उद्धटपणा नव्हता, मला तो हवा होता, म्हणजे भांडता आलं असतं. अखेर जहाज आलं ते गुरुवारी नाहीच. डेकवर कोंबड्या, सिमेंटची पोती, एक नवाकोरा फ्रिज आणि अखंड चालू असलेलं कराओके. त्यानंतर दोन्ही बाजूंना बांबूचे हात पसरलेली एक होडी, आणि तिच्यातून शेवटी गुडघाभर पाण्यात उडी, कारण ओहोटी होती आणि धक्का नावाचा प्रकार तिथे नाही. माझी चार चाकांची, कोणत्याही दिशेला वळणारी, जाहिरात वाचून घेतलेली बॅग एका बाईने डोक्यावर घेतली आणि ती हसत हसत पुढे चालू लागली. चाकं हवेत फिरत होती. किनाऱ्यावर मामा काठीवर रेलून उभा. मला पाहून पहिलं वाक्य काय? “बॅग चुकीची आणलीस.”

आता सरळ काम होतं. त्याचं सामान बांधायचं, घराचा काय तो निकाल लावायचा आणि त्याला घेऊन परत यायचं. तेव्हा दुसऱ्याच दिवशी मी मास्तरांना सोबत घेतलं, कारण त्यांना चांगलं इंग्रजी येत होतं, आणि घराभोवती फिरून कशाची मालकी कुणाची ते विचारायला लागले. घर लाकडी फळ्यांचं, वर पत्रा, मागे स्वयंपाकाचा आडोसा. खालची जमीन कुणाची? जमीन एका घराण्याची; त्या घराण्याचा वडीलधारा माणूस समोरच्या बेटावर राहतो. मग ही नारळाची झाडं त्यांची का? छे, नारळ मास्तरांच्या आजोबांनी लावलेले, म्हणून ते मास्तरांचे. जमीन एकाची आणि तिच्यावरचं झाड दुसऱ्याचं? हो, मग? लावलं त्याचं झाड. विहीर? विहीर सगळ्यांची. हा नीरफणस? त्याचा मालक वारला, वारस ठरायचेत, तोवर खाली पडेल ते ज्याला मिळेल त्याचं. आणि हे घर? मास्तर थोडा वेळ विचार करून म्हणाले, “घर ओपांचं. त्यांना न्यायचं असेल तर नेऊ शकतात. जागा मात्र राहील.” ओपा म्हणजे आजोबा, गावात मामाला सगळे ओपाच म्हणायचे. मी म्हटलं, “म्हणजे फळ्या उचकटून मी टेक्ससला नेऊ?” मास्तरांनी या सूचनेचा गंभीरपणे विचार केला. “होडी मोठी लागेल,” म्हणाले.

मी कपाळाला हात लावला. “मग या माणसाचं इथे नक्की आहे काय?”

मास्तरांनी स्वयंपाकाच्या आडोशामागे बोट दाखवलं. तिथे एक जायफळाचं झाड होतं, अजून फार उंच न झालेलं, दाट गर्द पानांचं. मामा आला त्या वर्षी शेजारणीने त्याला एक रोप दिलं होतं आणि ते त्याने स्वतःच्या हाताने लावलं होतं. जायफळात नर-मादी असते आणि कोणतं रोप कोणतं, हे कित्येक वर्षांनी फुलोरा आल्याशिवाय कळत नाही, म्हणजे निव्वळ नशिबाचा मामला. मामाचं झाड मादी निघालं होतं. त्या घराण्याने त्याला जमिनीवर राहू दिलं होतं ते या झाडाच्या नात्याने. झाड आहे तोवर घर, असा सरळ हिशेब. एवढं एकच झाड! शुगर लँडचं घर, गराज, दोन गाड्या, लॉन कापायचं यंत्र, हे सगळं विकून या गृहस्थाने जगाच्या पाठीवर एक झाड कमावलं होतं, तेही दुसऱ्याच्या जमिनीवर.

मामाला मी म्हटलं, “चल. खुबा बदलून घे.” तो म्हणाला, “येतो. एवढं जायफळ उतरलं की.” माझा नाइलाज झाला, कारण तसंही परतीचं जहाज येईल तेव्हाच येणार होतं. मग मी तिथे राहिले, आणि वैताग येण्याची इतकी विविध कारणं एका गावात असू शकतात हे मला प्रथमच कळलं. तिथले लोक साधेभोळे, निष्पाप वगैरे अजिबात नाहीत. कृपा करून तसं काही मनात आणू नका. भाव करताना ते आपल्या मंडईला हार जाणार नाहीत. रात्री लाउडस्पीकर, पहाटे कोंबडे, दिवसभर चौकशा. दार लावायची पद्धत नाही. मी केस विंचरत असताना एक आजोबा सरळ घरातून चालत गेले, कारण विहिरीकडे जायला तो रस्ता जवळचा. कुणी मासा आणून ठेवायचं, कुणी आमची कढई घेऊन जायचं. माझी कात्री गावभर फिरून तीन घरांचे केस कापून परत आली. मामा या सगळ्यात वेताच्या आरामखुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्याचं काय चुकतंय ते सांगत होता. त्यांच्या भाषेत, मोडकंतोडकं, पण सांगत होता. जाळं चुकीचं वाळत घातलंय. मोटरला चुकीचं तेल घातलंय. आणि लोक थांबून ऐकत होते, उलट उत्तर देत होते, हसत होते. अमेरिकेत निवृत्त झाल्यापासून त्याचं इतकं कुणी ऐकून घेतलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

आणि जायफळ. ते फळ मी पहिल्यांदा पाहिलं ते फांदीवरच. पिवळट, लहानशा पेरूएवढं, आणि पिकलं की आपणहून मधोमध उकलणारं. आत काळीभोर चकचकीत बी आणि तिच्याभोवती जायपत्रीची लालभडक जाळी, नुकती ओली मेंदी काढून टाकलेल्या हातासारखी. जन्मभर मी श्रीखंडात, बासुंदीत, पुरणात जायफळ किसत आले. ते लाकडाच्या गोळीसारखं काहीतरी असतं आणि डब्यातून येतं एवढंच मला माहीत. शेजारीण बांबूच्या लांब काठीला बांधलेल्या टोपलीने एकेक फळ अलगद उतरवायची. ही बाई माझ्या मामापेक्षा वयाने मोठी असेल, तंबाखूने दात रंगलेले, आवाज दणदणीत. मामा खुर्चीतून ओरडायचा, “डावीकडचं! अगं ते डावीकडचं!” आणि ती वरच्यावर काहीतरी असं सणसणीत उत्तर द्यायची की आजूबाजूच्या बायका पोट धरून हसायच्या. मास्तर त्याचं भाषांतर करायला तयार होत नसत.

जहाज आल्याची वर्दी आली. निघायची सकाळ उजाडली. भरती असेपर्यंतच होडी निघणार होती आणि होडीवाला किनाऱ्यावरून हाका मारत होता. सामान खाली गेलं होतं, मामाला दोघांनी धरून चालवायचं होतं, आणि मामा हलायला तयार नाही. झाडापाशी उभा. शेजारीण कोवळ्या नारळाच्या झावळीची वेणी घालून घेऊन आली होती आणि ती झाडाच्या बुंध्याला गुंडाळत होती. चार बायका, मास्तर, आणि समोरच्या बेटावरून आलेले, जमिनीच्या घराण्याचे म्हातारे गृहस्थ बाजूला उभे. मी पाहिलं आणि मला वटपौर्णिमाच आठवली. बायका, झाड, बुंध्याभोवती गुंडाळलेलं काहीतरी. आपल्याला दुसरं काय सुचणार? निरोपाची पूजाबिजा असेल म्हणून मी हात जोडले. मामाला कुजबुजून म्हटलंसुद्धा, “बघ, सात जन्मांची सोय झाली तुझी.” तो हसला नाही.

शेजारणीचे हात थरथरत होते. वेणीची टोकं तिला नीट धरवत नव्हती. बांधली की घसरायची, बांधली की घसरायची. खाली पाणी ओसरायला लागलेलं. होडीवाल्याच्या हाकांचा सूर बदललेला. मला ढिली गाठ बघवत नाही, हे आधीच सांगून ठेवते. लग्नकार्यात दुसऱ्याने बांधलेले खोकेसुद्धा मी सोडून पुन्हा बांधते. मी पुढे झाले, तिच्या हातातून टोकं घेतली आणि करकचून बांधून टाकली. सुरगाठ नव्हे, चांगली निरगाठ. वर टोकं आत खोचली. “झालं,” म्हटलं. “चला.”

मग म्हाताऱ्या गृहस्थांनी मान डोलवली, बायका एकदम बोलू लागल्या, आणि शेजारणीने माझा चेहरा दोन्ही तळव्यांत धरला. तिच्या हातांना जायपत्रीचा वास होता. मदतीबद्दल आभार मानतेय असं मला वाटलं. मामा समुद्राकडे बघत होता. मग काठी उचलून मुकाट्याने निघाला, आणि होडीत बसेपर्यंत त्याने माझी एकही चूक काढली नाही. त्याच वेळी मला संशय यायला हवा होता.

प्लेनोला आमच्या घरी तो आला, खुबा बदलला, शस्त्रक्रिया उत्तम झाली. पण त्याच तपासण्यांमध्ये हृदयाचंही काही निघालं आणि हृदयाच्या डॉक्टरांनी लांबच्या प्रवासाला साफ नाही म्हटलं. मामाने ते शांतपणे ऐकून घेतलं. बेटावर परत जायचंय असं तो एकदाही म्हणाला नाही. करतो काय, तर सकाळी वॉकर टेकत मागच्या दारापाशी येतो आणि दार सताड उघडून तिथे खुर्ची टाकून बसतो. एसी चालू. बाहेर उन्हाचा वणवा. “मामा, आपण अख्ख्या टेक्ससला गार करतोय का?” मी म्हणते. “वारा येऊ दे जरा,” तो म्हणतो. मी दार लावते, तो उघडतो. आमच्या मागच्या अंगणाला उंच लाकडी कुंपण आहे. तिकडून कुणी विहिरीकडे जात नाही. फोन केल्याशिवाय कुणी येत नाही. कधीतरी कुंपणावरून खार जाते, तेव्हा तो तिला काहीतरी सांगतो. बहुधा तिचं काय चुकतंय ते.

मग काही आठवड्यांपूर्वी मास्तरांचा व्हिडिओ कॉल आला. इकडचं-तिकडचं झालं. झाडाला पुन्हा मोठा बहर धरलाय म्हणाले, फांद्या वाकल्यात. मी म्हटलं, छान, उतरवून घ्या, सगळ्यांनी वाटून घ्या.

“ते कसं शक्य आहे?” मास्तर म्हणाले. “झाड बांधलेलं आहे. तुम्ही कधी येताय?”

“मी? मी कशाला?”

“तुम्हीच तर बांधलंत.”

तेव्हा कुठे मला कळलं. ती पूजा नव्हती आणि निरोपही नव्हता. झाडाला झावळीची वेणी बांधली म्हणजे ते झाड बंद. त्याचं फळ कुणी तोडायचं नाही, पडलेलं उचलायचं नाही, मालकानेसुद्धा नाही. आणि त्या गावचा नियम असा, की ज्याने गाठ मारली त्यानेच येऊन ती सोडायची. शेजारणीने मारली असती तर बहर आला की तिने सोडली असती, आपल्या लोकांना वाटलं असतं, मामाचं झाड मामाच्या नावाने चालू राहिलं असतं. पण गाठ मारली पाहुणीने. आता हा बहर गळून जायच्या आत पाहुणी आली नाही, तर झाड टाकून दिलं असं धरतात, आणि टाकलेलं झाड जमिनीच्या घराण्याकडे जातं. झाड गेलं की घर गेलं, जागा गेली. गावात ओपा नावाचं कुणी राहत होतं एवढीच गोष्ट उरते.

“अहो, मग कापून टाका ना ती!” मी ओरडले. “मी परवानगी देते. लिहून देते. व्हिडिओवर सांगते, सगळ्यांना बोलवा!”

मास्तरांनी मोबाइल झाडाकडे वळवला. झाडाखाली शेजारीण उभी होती. मी काय म्हणाले ते त्यांनी तिला सांगितलं. तिने गाठीवर बोट ठेवलं, कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी बोलली आणि खो-खो हसली.

“काय म्हणाली?”

“म्हणाली, इतकी घट्ट मारलीय की कापली तरी सुटणार नाही.”

फोन ठेवला आणि मी तरातरा मागच्या दाराशी गेले. मामा खुर्चीत. दार उघडं. मी ते आधी लावलं. मग विचारलं, “तुला माहीत होतं?”

“काय?”

“गाठीचं. बांधेल त्याने सोडायची ते.”

“हो.”

“आणि मी बांधत असताना तू तिथे उभा होतास.”

“होतो.”

“जन्मभर माझी एकेक चूक काढलीस. परवा मी चहा चुकीच्या हाताने ओतला म्हणून बोललास. आणि तिथे, मी ढळढळीत चुकतेय हे दिसत असताना तोंड बंद?”

मामाने वॉकरवरचा हात जरा सरकवला. “तिने बांधली असती तर तीच सोडणार,” तो म्हणाला. “ती माझ्याहून म्हातारी. आज आहे, उद्या नाही. मास्तरांची बदली होईल. पोरगी येणार नाही, तिला वेळ नाही. मी येतो म्हणून निघालो खरा, पण मला काय कळत नव्हतं?” मग थांबून म्हणाला, “तू पुढे झालीस. म्हटलं, हिने गाठ मारली तर ही येईल. कितीही बडबड केली तरी येईल. तुझ्या यादीत एकदा गोष्ट आली की ती होते, कलेक्टरबाई.”

लहानपणापासून तो मला चिडवताना कलेक्टरबाई म्हणतो. बोलण्यासारखं पुष्कळ होतं. तू तिथे परत जाऊ शकत नाहीस, डॉक्टरांनी सांगितलंय. मग त्या घराचं, त्या झाडाचं करायचं काय? जिथे आपण राहणार नाही तिथली जागा कशासाठी राखायची? माझी रजा, माझी पाठ, ते जहाज, ते कराओके, हे सगळं एका झाडाची वेणी सोडायला? हे सगळे प्रश्न योग्य होते. रात्री जेवताना नवऱ्यानेही नेमके तेच विचारले. “तो परत जाणार नाही हे तुला माहीत आहे ना?” माहीत आहे, म्हटलं. “मग?” मग काय! मी उठून माळ्यावरची पाठीला लावायची बॅग काढली. चाकांची तिथेच राहू दिली.

आयुष्यभर मी गोष्टी मिटवत आले. यादीतलं काम झालं की त्यावर रेघ मारायची, आणि रेघ मारली की हात झटकून पुढे. मामीची औषधं, आईचं घर आवरणं, मुलांची कॉलेजं, सगळ्यांवर अशा रेघा पडल्या आणि त्या त्या वेळी मला सुटल्यासारखं वाटलं. शुगर लँडच्या त्या घरावरही मीच रेघ मारली. चाव्या नव्या मालकाच्या हातात दिल्या, सह्या झाल्या, संपलं. आता तिकडून गाडीने गेलं तरी त्या रस्त्याला वळायचं कारण नाही. घर कागदोपत्री पूर्णपणे मामाचं होतं, आणि आता त्यातला एक विटेचा तुकडाही त्याला ओळखत नसेल. तिकडे त्या बेटावर कागदाचा कपटाही नाही. जमीन दुसऱ्याची, नारळ तिसऱ्याचे, आणि तरी त्याची जागा अजून तशीच आहे, कारण एक गाठ अजून सुटायची बाकी आहे. हे मला पटतं असं नाही. पत्ता, सातबारा, करारनामा, यांच्यावर माझा विश्वास आहे आणि तो राहील. पण हल्ली वाटतं, की ज्यावर रेघ मारली ते सगळं मागे पडलं. माझ्याजवळ उरलंय ते बहुतेक करून अर्धवट राहिलेलंच.

काल ती बिनवासाची पुडी मी परत खणात ठेवली. श्रीखंड यंदा वेलदोड्याचं होईल. घरी आले तर मागचं दार सताड उघडं, एसी धापा टाकतोय, आणि मामा खुर्चीत डोळे मिटून. मी सामान लावलं, नारळाचा चव फ्रीझरमध्ये टाकला आणि दार लावायला गेले. हात कडीपर्यंत गेला. मग म्हटलं, राहू दे. आणखी एक खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी बसले. गरम वारा येत होता. त्याला कापलेल्या गवताचा आणि तापलेल्या डांबराचा वास होता.

“कधी निघतेस?” मामाने डोळे न उघडता विचारलं.

“ज्या गुरुवारी जहाज येईल, त्या गुरुवारी पोचेन अशा बेताने.”

“बॅग?”

“पाठीवरची घेतेय.”

“हं,” तो म्हणाला. त्याच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मला आजवर मिळालेली नाही.

मास्तरांनी काल फोटो पाठवलाय. फळं उकलायला लागलीत, आतली लाल जाळी दिसतेय. वेणीचं पान पार वाळून तपकिरी झालंय, पावसाने त्याच्या कडा झडल्यात. गाठ मात्र जागची हललेली नाही. हलणार कशी? मी मारली आहे.